दाते-कर्वे कोश संगणकावर : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

मुद्रितशोधनाच्या कामासाठी गेले काही महिने मी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ जवळजवळ रोज उघडतो आहे. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत सिद्ध केलेला आणि १९५० मध्ये पुरवणी जोडलेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्तीही तिथेच असल्यामुळे एकच शब्द दोन्हीकडे पाहण्याची सवय आपोआप लागते, आणि खरा लाभ त्या सवयीतच आहे.

नव्याने वापरणाऱ्याची पहिली अडचण शोधाच्या चौकटीतच होते. हे दोन्ही कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे. ‘नाव’ असे टाइप केले तर होडी सापडते. माणसाचे नाव हवे असेल तर ‘नांव’ असे अनुस्वारासह लिहावे लागते. ‘कवी’ नव्हे ‘कवि’, ‘काही’ नव्हे ‘कांहीं’. आपल्या डोळ्यांसमोर लेखन किती बदलले आहे, हे या त्रासातून जितके पटते तितके कोणत्याही लेखातून पटले नसते. पण शब्द कोशात नाही असा चुकीचा निष्कर्ष काढून पुष्कळ जण इथूनच परत जात असतील, हेही उघड आहे. संक्षेपांची यादी आधी वाचून ठेवावी. व., खा., गो. म्हणजे अनुक्रमे वऱ्हाडी, खानदेशी, गोमंतकी, हे कळले नाही तर नोंदीचा अर्धा रस निघून जातो.

माझ्याकडे येणारे लेखक कोशाकडे न्यायाधीश म्हणून पाहतात. एखाद्या शब्दावर खूण केली की प्रश्न ठरलेला असतो : ‘कोशात आहे का?’ असला तर शुद्ध, नसला तर अशुद्ध. हा कोश मात्र त्या स्वभावाचा नाही. ज्ञानेश्वरीतील ओवीपासून वर्तमानपत्रातील वाक्यापर्यंत जिथे शब्द भेटला तिथला दाखला तो देतो, प्रांताचा शिक्का मारतो, फारसी किंवा इंग्रजी मूळ असेल तर ते कंसात नोंदवतो आणि शब्दाला घरात घेतो. याच्या उलट टोकाला शिवकालीन राज्यव्यवहारकोश आहे : दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवणारा, म्हणजे लोकांनी काय म्हणावे हे सांगणारा. दोन्ही कामे मोलाची आहेत, पण एकाचे माप दुसऱ्याला लावले की वाद विनाकारण वाढतो.

‘राजीनामा’ हा शब्द पाहावा. राजी असल्याचा लेख, म्हणजे संमतिपत्र, हा त्याचा मूळ अर्थ, आणि हिंदीत तो आजही तडजोडीच्या लेखासाठी चालतो. मराठीत मात्र तो नोकरी किंवा पद सोडण्याशी कायमचा जोडला गेला. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलात जमिनीवरचा हक्क सोडणाऱ्याने ‘राजीनामा’ आणि घेणाऱ्याने ‘कबुलायत’ लिहून देण्याची रीत होती. माझ्या मते अर्थाचा पूल तिथेच असावा. ‘कारखाना’ हीही तशीच गोष्ट. शिवकालाविषयीच्या एका हस्तलिखितात ‘अठरा कारखाने’ या शब्दांपुढे ‘एवढे उद्योग तेव्हा होते?’ असा शेरा मी समासात पाहिला. ते राज्यकारभारातील विभाग होते, यंत्रांचे नव्हेत. असे प्रसंग आले की जुना अर्थ दाखल्यासह टिपून ठेवणाऱ्यांचे उपकार वाटतात.

तक्रारीही आहेत. संगणकीय पाठात टंकनाच्या चुका अधूनमधून आढळतात, त्यामुळे महत्त्वाचा दाखला मी छापील प्रतीशी ताडून घेतो. मोबाइलवर लांब नोंद वाचणे डोळ्यांना शिक्षाच आहे. सर्वांत मोठी उणीव मात्र संकेतस्थळाची नाही. नोंदणी १९५० ला थांबली, भाषा थांबली नाही. ‘व्हायरल’, ‘फॉरवर्ड करणे’ किंवा ‘सेटिंग लावणे’ यांपैकी काही इथे शोधण्यात अर्थ नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात दर तिमाहीस नवे शब्द आणि जुन्या नोंदींच्या दुरुस्त्या प्रसिद्ध होतात. दाते-कर्व्यांच्या तोडीचे, दाखल्यांसह आणि अखंड चालणारे तसे काम मराठीत उभे राहिलेले नाही. शासनाचे परिभाषा कोश आहेत, तेही ऑनलाइन आहेत, परंतु त्यांचे काम कारभाराला आणि शास्त्रांना संज्ञा पुरवण्याचे आहे, बोलण्यातला शब्द टिपण्याचे नव्हे.

जुने दस्तऐवज, संतसाहित्य, पेशवाईतील पत्रे किंवा प्रांतिक बोलीतील लेखन हाताळणाऱ्याने हा कोश निःशंकपणे वापरावा आणि मोल्सवर्थ शेजारच्या खिडकीत उघडा ठेवावा. केवळ ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे असेल, तर १९६२ नंतरच्या नियमांवर बेतलेली एखादी लेखनपुस्तिकाच घ्यावी. त्या कामासाठी हा कोश हमखास दिशाभूल करील.