तालुक्याच्या लॅबमध्ये ट्रूनॅट: वर्षभराच्या वापरानंतर

मी सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. टीबीच्या संशयिताची थुंकी पूर्वी आम्ही फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. जंतू दिसायचे, पण ते औषधाला दाद देतील का, हे काचेवर कळत नाही. नमुना जिल्ह्याला जायचा. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) लावावं लागलं तर उत्तराला दीड-दोन महिने. तोवर पेशंट ऊसतोडीला गुजरातेत पोहोचलेला.

ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, जंतूच्या डीएनएवरून टीबी ओळखणारं यंत्र. ते टेबलाच्या कोपऱ्यात मावतं आणि बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी तपासणी थांबत नाही. थुंकी आधी बफर द्रावणाने पातळ करायची, मग ट्रूप्रेप या जोडयंत्रात 20 मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातला 6 मायक्रोलिटर चिपवर सोडला की टीबी आहे की नाही ते पाऊण तासाच्या आत कळतं. आहे असं आलं, तर उरलेल्या त्याच डीएनएवर रिफॅम्पिसिनची (टीबीच्या एका मुख्य औषधाची) चिप लावायची, आणखी तासभर. ज्यांच्यामुळे जंतू या औषधाला दाद देत नाहीत, ते आरपीओबी जनुकातले बदल ती शोधते. पाड्यावरून चालत आलेल्या म्हातारीला दुसऱ्यांदा थुंकी द्यायला बोलवावं लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रेझिस्टन्स निघाला, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत असं आलं, तर पेशंट बाकावर बसलेला असतानाच एसटीएसना (टीबी उपचारांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांना) फोन जातो. अशा औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठीच्या सहा महिन्यांच्या बीपाल्म उपचाराला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली आहे, त्यामुळे हे लवकर कळण्याला आता जास्तच किंमत आली आहे.

हात मात्र बसावा लागतो. पिपेटमधून बुडबुडा चिपवर गेला की तपासणी वाया जाण्याची भीती. थुंकीऐवजी नुसती लाळ आणली असेल तर यंत्र तरी काय करणार! नमुना कसा द्यायचा हे आशाताईंनी घरीच समजावून पाठवलं की निम्मं काम होतं.

ही चिप फक्त रिफॅम्पिसिनचं सांगते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचा रेझिस्टन्स तिला दिसत नाही, त्यासाठी एलपीए (लाइन प्रोब असे) या जनुकीय तपासणीचा नमुना अजूनही मोठ्या लॅबला पाठवावाच लागतो. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती पकडते, म्हणून उपचार चालू असलेल्यांच्या फॉलोअपला हे वापरू नका. त्यासाठी सूक्ष्मदर्शक टेबलावर राहू द्या.

आमच्याकडे यंत्राचं युनो मॉडेल आहे, त्यात एका वेळी एकच चिप चालते. सकाळी रांग लागत असेल, तर मागणी करतानाच क्वाट्रो मॉडेल मागा. त्यात चार बसतात.