मेडलनंतर आमदारकी? टेश आणि झाझडिया शेजारी ठेवून बघू

आमच्या ग्राउंडवर व्हीलचेअरवरून गोळा फेकणारा एक पोरगा आहे, त्याला एका पक्षाने विचारलंय, विधानसभा लढवणार का. तेव्हापासून त्याची झोप उडालीय. भावा, तुझ्यासाठीच लिहितोय.

लिझल टेश, ऑस्ट्रेलियाच्या. माउंटन बाइकवरून पडून पाठ मोडली, मग आधी व्हीलचेअर बास्केटबॉल आणि नंतर सेलिंग (शिडाच्या होड्यांची शर्यत), त्यात लंडन २०१२ आणि रिओ २०१६ ला गोल्ड. रिओनंतर सेलिंगच पॅरालिम्पिकमधून काढून टाकलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये बाई गॉस्फर्डची पोटनिवडणूक जिंकून न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेत, लेबर पक्षाकडून. नंतर २०१९, २०२३ लाही आल्या. मला विचाराल तर मेडलपेक्षा शाळा कामाला आली, भूगोलाच्या बाई होत्या ना त्या तिथल्याच, म्हणजे मतदार यादीत जुने विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप!

देवेंद्र झाझडियांचं उलटं झालं. अथेन्स २००४ आणि रिओ २०१६, भालाफेकीत दोन गोल्ड, मधली १२ वर्षं त्यांचा प्रकार पॅरालिम्पिकमध्येच नव्हता तरी गडी टिकून राहिला. असा माणूस २०२४ ला स्वतःच्याच चुरूत, राजस्थानात, लोकसभेला पडला. कारण भाजपचं तिकीट आलं ते त्यांच्याच सिटिंग खासदार राहुल कस्वांचं कापून, ते काँग्रेसमध्ये गेले आणि सत्तर हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. दुसऱ्याच्या भांडणात मेडल किती पुरणार. पण त्याच वर्षी मार्चमध्ये ते भारतीय पॅरालिम्पिक कमिटीचे अध्यक्ष झाले होते आणि पॅरिसला आपली २९ मेडलं आली, म्हणजे खेळाचंच काम करायचं असेल तर आमदारकी लागतेच असं नाही.

खर्चाचं म्हणशील तर आपल्याकडे उमेदवाराला विधानसभेला ४० लाखांची मर्यादा, लोकसभेला ९५, आणि दिव्यांगांना राखीव जागा दोन्हीकडे नाही. तुझी नोकरी सरकारी, ती आधी सोडावी लागेल, हरलास तर परत कोण घेतंय.

माझं मत, विधानसभाच, पण आत्ता नाही, पाच वर्षं गावात काम करून मग. परवाच्या सत्काराला रॅम्प नव्हता म्हणून चौघांनी तुला खुर्चीसकट स्टेजवर चढवलं, फोटो झाले आणि उतरवायला दोघंच उरले, त्यातला एक मी. तिकीट देणारे तेव्हा जेवायला गेले होते.