पायाची जुनी जखम: अल्ट्रासाऊंड की दाबपट्टी?
फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. फिजिओथेरपीतला १ ते ३ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड, म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार (सोनोग्राफीची तपासणी नव्हे), पेशींना चालना देतो असं मानतात, पण त्याने अशी जखम लवकर भरते याचा पुरावा कच्चाच आहे. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत दारव्ह्याहून यवतमाळला एसटीने पुन्हापुन्हा जायचं म्हणजे मजुरी बुडालीच.

दाबपट्टी मूळ दुखण्यावर काम करते. घोट्याशी पाऱ्याचा सुमारे ४० मिलिमीटर दाब, गुडघ्याकडे कमी होत जाणारा. त्याने साचलेलं रक्त वर सरकतं. नर्सताईंकडून नीट शिकलं तर घरीही बांधता येते. माझ्या आईसाठी मी हीच निवडेन. मात्र आधी डॉक्टरांकडून पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह तपासून घ्याच. तो कमी असेल, तर घट्ट पट्टीने पायच धोक्यात येतो.