मलप्रभेच्या काठानं: कणकुंबी ते कूडलसंगम, भाड्याच्या गाडीतून

आम्ही खानापूरचे. मलप्रभा आमच्या ओळखीची, पण असोग्याच्या रामलिंगेश्वरापर्यंतच. पुढं ती कुठं जाते, काय काय बघते, हे आईला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून बेळगावच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून मुक्कामी गाडी ठरवली.

मार्ग त्यांनी नदी धरून आखला, हे मला फार आवडलं. सुरुवात कणकुंबीला, उगमावर. तिथून जांबोटीकडं येताना हब्बनहट्टीचा मारुती. भर पावसात हे देऊळ नदीच्या पोटात जातं, तेव्हा जायचं तर दिवाळीनंतरच. चालक आपल्याच तालुक्यातले, मराठी-कानडी दोन्ही सफाईनं बोलणारे. आई पायऱ्यांवर अडखळली तसे म्हणाले, "मावशी, सावकाश उतरा, गाडी कुठं जात न्हाई." अशा माणसाबरोबर म्हाताऱ्या आईला बिनघोर न्यावं.

एम. के. हुबळीला हायवे सोडून गंगांबिकेच्या ऐक्यस्थळी, म्हणजे समाधीच्या जागी, थांबलो. बसवण्णांच्या या पत्नीचं स्थान मलप्रभेत, आणि खुद्द बसवण्णांचं ऐक्यस्थळ त्याच नदीच्या शेवटी, ती कृष्णेला मिळते तिथं, कूडलसंगमाला. हे चालकांनी सांगितलं आणि आईला पुढच्या सगळ्या प्रवासाचा धागाच मिळाला. कूडलसंगमाला पाण्यातल्या त्या मंडपात उतरताना ती गंगांबिकेचंच नाव घेत होती.

सौंदत्तीत यल्लम्माचं दर्शन आणि नविलुतीर्थाचं धरण भरभर उरकलं. पौर्णिमा टाळा, गर्दीत दिवस जातो. पट्टदकल्लला मात्र पोटभर वेळ मिळाला. नवऱ्यानं कांचीवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून चालुक्यांची राणी लोकमहादेवीनं आठव्या शतकात बांधवलेलं विरूपाक्षाचं देऊळ, आणि शेजारीच उत्तरेकडच्या शिखरांची देवळं, एकाच आवारात. 1987 पासून हे जागतिक वारशात आहे.

तक्रारी दोन. ऐहोळेला जेमतेम दुर्ग मंदिर बघून निघावं लागलं. तिथं अर्धा दिवस हवाच. आणि किलोमीटर खानापुरापासून नव्हे, बेळगावच्या त्यांच्या शेडपासून मोजले, हे बिल हातात आल्यावर कळलं. चालकाचा भत्ता, टोल आणि मोजणी कुठून, हे आधी कागदावर लिहून घ्या. मुक्काम बदामीत मागा. तिथून पट्टदकल्ल आणि ऐहोळे दोन्ही सकाळच्या उन्हाआधी गाठता येतात.