फास्टर फेणे की फेलूदा: नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी आधी काय घ्यावं?

मूल नऊ-दहा वर्षांचं, घरात मराठी बोलणारं, शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. त्याला मराठीत काहीतरी थरारक हवंय आणि दुकानात समोर दोन संच आहेत. एक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दुसरा सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. एकाच वेळी दोन्ही संच घेणं सगळ्यांना परवडत नाही, शिवाय पहिल्या संचात मन रमलं नाही तर दुसरा मूल हातातही धरत नाही. आमच्या घरी मुलीसाठी हीच निवड करावी लागली, म्हणून लिहितोय.

दोघांची ओळख एका ओळीत: फेणे हा धाडसी शाळकरी मुलगा, फेलूदा हा कोलकात्याचा खासगी गुप्तहेर. फक्त एक लक्षात ठेवा. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघने साकारलेला फेणे मोठा झालेला आहे. मुलांनी तो पाहिला असेल तर पुस्तकातला बनेश ऊर्फ बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, त्यांना आधी सांगून ठेवा: फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा मुलगा, अंगात चौकटीचा शर्ट, बुडाखाली सायकल. दूरदर्शनच्या मालिकेतला सुमीत राघवन ज्यांना आठवतो त्या आईबापांना हे सांगायला नको.

फेलूदाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. 1965 मध्ये 'संदेश' मासिकात दार्जिलिंगच्या कथेने तो सुरू झाला आणि मग राय त्याला भारतभर हिंडवत राहिले. जागा नुसत्या नावापुरत्या येत नाहीत. वेरूळला जायचा बेत असेल तर निघण्यापूर्वी 'कैलासातील कारस्थान' मुलांना नक्की वाचायला द्या. प्राचीन मूर्तींची शिरं तोडून परदेशी विकणाऱ्यांचा माग काढत फेलूदा वेरूळला पोचतो. हे वाचलेलं मूल लेण्यांत कंटाळत नाही, प्रत्येक मूर्तीचं डोकं जागेवर आहे ना ते बघत फिरतं. 'मुंबईचे डाकू'मध्ये फेलूदाचे लेखक-मित्र जटायू यांच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतो, त्याची धमाल वेगळीच. आणि जटायू! या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे हे लालमोहनबाबू, त्यांची हिरवी अ‍ॅम्बॅसेडर, त्यांची ठोकून दिलेली चुकीची माहिती आणि फेलूदाने ती शांतपणे दुरुस्त करणं, हे सगळं मुलांना फार आवडतं. जैन पत्रकार होते, त्यामुळे भाषा सरळ आणि वाक्यं आटोपशीर. मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलाला हे बरं पडतं. फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो, ते काहींना खटकेल. मला त्याहून जास्त खटकलं ते म्हणजे या कथांत मुली जवळजवळ नाहीतच. फेणेकडे निदान माली नावाची मुलगी तरी आहे.

पण आमचा निर्णय यातल्या कशाने झाला नाही. तो झाला रात्रीच्या वाचनाने.

आमच्याकडे पुस्तक झोपताना मोठ्याने वाचलं जातं, एका रात्री एखादं प्रकरण, कधी अर्धंच. 'गंगटोकमधील गडबड' घेतलं होतं. त्यात शेळवणकर आहेत, शशधर बोस आहेत, निशिकांतबाबू, डॉक्टर वैद्य आणि हेल्मुट नावाचा जर्मन फोटोग्राफर. प्रत्येकावर थोडा थोडा संशय, प्रत्येकाचं एखादं वाक्य पुढे कामी येणार. मोठ्या माणसाने एका बैठकीत वाचलं तर बहार आहे. मुलीचं मात्र रोज रात्री पहिलं वाक्य ठरलेलं: "बाबा, हा कोण होता?" मग मी मागची पानं चाळायची, कालचं सांगायचं, आणि गाडी पुढे सरकेपर्यंत तिचे डोळे मिटलेले. त्यातून फेलूदा डोक्यात काय चाललंय ते शेवटपर्यंत कुणाला सांगत नाही, सोबत असणाऱ्या चुलतभावाला, तोपशेलाही नाही. तो कुठेतरी वाकून काहीतरी बघतो, "हं" म्हणतो आणि सिगारेट पेटवतो. शेवटी सगळा उलगडा एकदम होतो. तोपर्यंत ज्या धाग्यांचा उलगडा करायचा, तेच आमच्या घरी हरवलेले असायचे. रहस्यकथेचा सगळा आनंद शेवटच्या पंधरा पानांत साठवलेला आणि नेमकी तीच पानं समजावून सांगण्यात जायची. एखाद्या घरी असं होणारही नाही. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला झालं.

फेणेत हे होत नाही. तिथे काय घडतंय ते डोळ्यांसमोर घडतं. कुणीतरी पळतंय, बन्या मागे लागलाय, सायकल पंक्चर होते, नको तिथे तो अडकतो आणि मग जीभ टाळूला लावून 'ट्टॉक!' कुठेही थांबा, दुसऱ्या रात्री पुन्हा चढता येतं. शिवाय धाडस करणारा स्वतः मुलगा आहे. तोपशे हुशार असला तरी तो बघतो आणि लिहून ठेवतो. बनेश स्वतः उडी मारतो, चुकतो, मार खातो, सुटतो. नऊ वर्षांच्या श्रोत्याला हा फरक लगेच कळतो. आमच्याकडे 'ट्टॉक' आला की वाचणं थांबवून तो आधी मुलीने काढायचा, असा नियमच होऊन गेला.

फेणेच्या अडचणीही आहेत. काळ जुना आहे. 1962 च्या चीन युद्धाची पार्श्वभूमी असलेली कथाही त्यात आहे, आणि अशा ठिकाणी थांबून दोन शब्द सांगावे लागतात. भागवतांची मराठी खेळकर, शब्दांच्या कोलांट्या मारणारी आहे. मोठ्याने वाचताना ती जिभेला गोड लागते, पण मूल एकटं वाचत असेल तर पहिल्या काही पानांत दमेल. आणि हा मुलगा जाईल तिथे चोर कसे काय सापडतात, हा प्रश्न बारा वर्षांचं मूल विचारणारच. नऊ वर्षांचं विचारत नाही, निदान आमचं तरी नाही.

त्यामुळे तुमचं मूल अकरा-बारा वर्षांचं असेल, एका दुपारी पुस्तक फस्त करणारं असेल, कोडी सोडवण्यात रमत असेल, तर फेलूदा घ्या, मी अडवणार नाही. त्याहून लहान असेल आणि वाचून तुम्हीच दाखवणार असाल, तर माझा कौल फेणेला. उत्कर्ष प्रकाशनाची वीस पुस्तकं आहेत, पण सगळा संच लगेच उचलू नका. सुटी दोन-तीन घ्या. मुलांनी प्रतापगड बघितलेला असेल तर 'प्रतापगडावर फास्टर फेणे' आधी, नाहीतर 'गुलमर्गचे गूढ'. क्रम पाळलाच पाहिजे असं नाही. फेलूदाचं एक 'कैलासातील कारस्थान' मात्र वेरूळच्या सहलीसाठी वेगळं घेऊन ठेवा.