दुसऱ्या भेटीची तारीख: फिजीमधील तंबाखूमुक्ती सेवेचा अनुभव

फिजीमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना सुवा शहराजवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्राच्या मदतीने मी माझी 19 वर्षांची तंबाखूची सवय सोडली. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली आहेत. पॅसिफिक बेटांवर शिक्षण, बांधकाम, हॉटेल आणि वैद्यकीय क्षेत्रांत काम करणारी मराठी माणसे अधूनमधून भेटतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या खिशात अजून डबी असते. त्यांना उपयोग व्हावा, म्हणून या सेवेत काय चांगले आहे आणि ती कोठे कमी पडते, हे सविस्तर लिहीत आहे.

सांगलीहून नेलेल्या पुड्या पहिल्या महिन्यातच संपल्या, तेव्हा आता आपोआप सुटेल असे मला वाटले होते. परंतु सुव्याच्या मुख्य बाजारात वरच्या मजल्यावर, जेथे यंगोनाची, म्हणजे पाण्यात कालवून पितात त्या कावा वनस्पतीची, मुळे आणि पूड विकतात, तेथेच मला ‘सुकी’ दिसली. सुकी म्हणजे फिजीत पिकणारी, दोरीसारखा पीळ घातलेली काळपट तंबाखू. लोक ती प्रामुख्याने कागदात किंवा वाळलेल्या पानात गुंडाळून ओढतात. मी मात्र तिचा तुकडा तळहातावर बारीक करून चुना लावला, अंगठ्याने मळली आणि ओठाखाली धरली. ती आपल्या जर्द्यापेक्षा कडक लागली. पुढची दीड वर्षे मी ती रोज खात होतो.

आरोग्य केंद्रात मी तंबाखू सोडण्यासाठी गेलोच नव्हतो. डोके दुखत होते, म्हणून रक्तदाब तपासायला गेलो होतो. या सेवेचा सर्वांत मोठा गुण मला येथेच दिसला. पट्टा दंडाला बांधता बांधता नर्सने विचारले, “सिगारेट ओढता का?” मी नाही म्हणालो आणि ते खरेच होते. ती तेथेच थांबली असती, तर हा लेख लिहिला गेला नसता. तिने माझ्या ओठाकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, “मग तोंडात काय ठेवता?” मी खिशातून डबी काढून तिच्या हातात दिली. दोन्ही बाजूंना झाकण असलेली ती स्टीलची डबी तिने आधी एका बाजूने उघडली, तंबाखूचा वास घेतला, मग उलटी करून दुसरे झाकण उघडले आणि आतला चुना पाहून म्हणाली, “सॉलोमनची मुले सुपारीबरोबर हाच खातात.” सुव्यातील विद्यापीठात सॉलोमन बेटांवरचे पुष्कळ विद्यार्थी शिकतात आणि त्यांच्यामुळे तिला चुना ओळखीचा होता. माझी सवय तिला विचित्र वाटली नाही, याचा मला केवढा आधार वाटला, हे सांगता येणार नाही.

त्यानंतरचे बोलणे चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले नसेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आरोग्यसेवेसाठी ज्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या म्हणजे विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, मनाची तयारी जोखणे, मदत करणे आणि पुढची भेट ठरवणे. नर्स त्याच क्रमाने गेली, हे मला नंतर वाचन केल्यावर कळले. तिने धाक घातला नाही आणि कर्करोगाची चित्रेही दाखवली नाहीत. “तुमचा दाब वाढलेला आहे आणि ही वस्तू तो कमी होऊ देणार नाही, सोडायला हवी,” एवढे सरळ सांगितले आणि कोणत्या दिवसापासून सोडणार, ते विचारले. मी “बघतो” म्हणालो, तेव्हा तिने औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर पेनने 14 चौकोन आखले, पहिल्या चौकोनात येत्या सोमवारची तारीख लिहिली आणि तो मला दिला. तंबाखू न खाल्लेल्या दिवशी चौकोनात फुली मारायची, खाल्ली तर चौकोन मोकळा ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुठ्ठा घेऊन परत यायचे, एवढेच काम होते.

इतक्या छोट्या बोलण्याने काय होणार, अशी शंका घेणाऱ्यांना आकडे सांगावेसे वाटतात. कोणतीही मदत न घेता सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी फार थोडे जण वर्षभर टिकतात, आणि डॉक्टरांचा केवळ थोडक्यात दिलेला सल्ला त्यात शेकड्यामागे आणखी 1 ते 3 माणसांची भर घालतो. हा आकडा लहान दिसतो. पण त्यासाठी ना यंत्र लागते ना खर्च, आणि प्रत्येक रुग्णाला विचारले तर एका छोट्या देशात त्यातून हजारो माणसे सुटतात. फिजीची लोकसंख्या सुमारे 9 लाख आहे, ती शंभराच्या आसपास वस्ती असलेल्या बेटांवर विखुरलेली आहे आणि दूरच्या बेटांवरील उपकेंद्रात बहुधा एकटी नर्सच सगळा कारभार पाहते. तज्ज्ञ समुपदेशकाची वाट पाहत बसण्यापेक्षा त्या नर्सला हा प्रश्न विचारायला शिकवणे, हाच तेथे शहाणपणाचा मार्ग आहे.

आता उणिवा. पहिली उणीव नोंदवहीत होती. त्या केंद्रातील वहीत ‘धूम्रपान: होय / नाही’ एवढाच रकाना होता, त्यामुळे रोज तंबाखू खाणारा माणूस कागदावर निर्व्यसनी ठरत होता. माझ्या नर्सने समासात पेन्सिलीने टीप लिहिली. दुसऱ्या एखाद्या नर्सने ‘नाही’वर खूण करून मला घरी पाठवले असते. ही गोष्ट केवळ माझ्यासारख्या परक्या माणसापुरती नाही. पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, पलाऊ आणि मायक्रोनेशियातील याप बेट येथे सुपारी चघळण्याची जुनी रीत आहे, आणि पलाऊमध्ये तर सुपारी खाणाऱ्यांत हिरवी सुपारी फोडून तिच्यात चुना व सिगारेटचा तुकडा घालून नागवेलीच्या जातीच्या पानात गुंडाळून चघळणारेच बहुसंख्य असतात. त्यांना ‘सिगारेट ओढता का’ असे विचारले, तर त्यांतले कितीतरी जण प्रामाणिकपणे नाहीच म्हणतील. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2024 मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली, तीत चघळण्याच्या तंबाखूचा वेगळा विचार केलेला आहे. तो विचार नोंदवहीच्या रकान्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दुसरी उणीव औषधांची. निकोटिनचा गम आणि पट्टी यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2009 सालीच झाला, तरी मी गेलो तेव्हा त्या केंद्रात दोन्हींपैकी काहीच नव्हते. पहिल्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती, वर्गात शिकवताना शब्द आठवत नव्हते आणि चहा घेतला की हात आपोआप खिशाकडे जात होता. अखेर भारतातून येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून मी 2 मिलिग्रॅमचा गम मागवला. तो कसा वापरायचा, हे मात्र नर्सनेच नीट समजावले: भराभर चावायचा नाही, चव तिखट लागली की गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा हळू चघळायचा आणि वापरण्यापूर्वी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घ्यायची नाही. ज्याला परदेशातून औषध मागवणे शक्य नाही, अशा तेथील शेतमजुराने किंवा कोळ्याने काय करायचे, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. ज्या देशाने तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय चौकट कराराला 2003 सालीच मान्यता दिली आणि ज्या कराराचे 14 वे कलम व्यसन सोडणाऱ्यांना मदत देण्याबद्दल आहे, त्या देशाच्या केंद्रात गमची एक पेटी असलीच पाहिजे.

तिसरी अडचण केंद्राबाहेरची आहे आणि केंद्राने ती विचारात घेतली नव्हती. फिजीत संध्याकाळ म्हणजे यंगोनाची बैठक. चटईवर गोल बसायचे, मध्ये तानोआ, म्हणजे यंगोना कालवायचे लाकडी पसरट भांडे, नारळाच्या करवंटीची वाटी एकेकाकडे फिरते, टाळी वाजते आणि गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. आमच्या आळीत मूळचे फिजीयन आणि गिरमिट काळात, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात करारावर मजुरीसाठी, गेलेल्या भारतीयांचे वंशज एकाच चटईवर बसत. ते यंगोनाला ‘ग्रोग’ म्हणतात. दोन फेऱ्या झाल्या की सिगारेटी पेटतात आणि सुकी बाहेर येते. माझ्या पुठ्ठ्यावरचा सहावा आणि नववा चौकोन मोकळा राहिला, तो या बैठकींमुळेच. नर्सला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “बैठक सोडू नका, बैठकीला सांगा.” पुढच्या वेळी वाटी हातात आल्यावर मी शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सर्वांसमक्ष सांगितले की मी तंबाखू सोडली आहे. त्यांनी मान हलवली, इतरांना दोन वाक्ये त्यांच्या भाषेत सांगितली आणि त्या रात्रीपासून माझ्यासमोर कोणी सुकी धरली नाही.

हा मार्ग नर्सच्या मनाने काढलेला नव्हता, फिजीच्या मातीतलाच होता. विती लेवू या फिजीच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडील नबिला गावाने यंगोनाचा विधी करून धूम्रपान सबंध गावाला ‘तांबू’, म्हणजे निषिद्ध, ठरवले होते आणि या प्रयोगावर 1996 साली संशोधनपर लेखही प्रसिद्ध झाला. जेथे शब्द गावासमोर दिला जातो, तेथे तो मोडणे ही एकट्याची गोष्ट राहत नाही. सरकारी सेवेने गावप्रमुखाला, म्हणजे तुरांगा नी कोरोला, आणि बैठकीतल्या वडीलधाऱ्यांना या कामात रीतसर सामील करून घेतले, तर गम नसलेल्या केंद्रातही पुष्कळ काही साधेल, असे मला मनापासून वाटते.

चौथी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पाचवी पायरी, पुढची भेट ठरवणे. दोन आठवड्यांनी मी पुठ्ठा घेऊन गेलो, तेव्हा त्या नर्सची दुसरीकडे पाठवणी झाली होती आणि नव्या माणसाला माझी भेट ठरलेली असल्याचे कोठेही लिहिलेले सापडले नाही. मी रांगेतून परत फिरलो आणि त्याच संध्याकाळी बाजारात सुकीच्या दुकानापर्यंत गेलोसुद्धा. चारच दिवसांनी तीच नर्स बसथांब्यावर भेटली. तिने नमस्काराच्याही आधी विचारले, “किती फुल्या?” पुठ्ठा पाकिटातच होता. 14 पैकी 12 चौकोनांत फुल्या होत्या. तिने तेथेच उभ्याने पुठ्ठ्याच्या मागे आणखी 14 चौकोन आखून दिले. छोट्या देशात नर्स आणि रुग्ण पुन्हा भेटतातच; ही त्या सेवेची अशी ताकद आहे, जी मोठ्या देशाला पैसे मोजूनही मिळणार नाही. परंतु ती भेट बसथांब्यावरच्या योगायोगावर सोडणे बरोबर नाही. पॅसिफिक देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी 2013 साली सामोआची राजधानी अपिया येथे 2025 पर्यंत प्रौढांमधील तंबाखूचे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणण्याचे ध्येय ठरवले होते, आणि ही बेटे त्यापासून दूरच राहिली. दुसऱ्या भेटीची तारीख वहीत लिहिली जात नाही, हे त्यामागचे एक कारण असावे, असे माझ्या अनुभवावरून मी म्हणेन.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून सल्ला देणारी राष्ट्रीय सेवा 2016 पासून चालू आहे, तंबाखूच्या वेष्टनावर तो क्रमांक छापलेला असतो, आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयातील केंद्रामुळे मराठीत बोलता येते. पुन्हा फोन करून विचारपूस करणे हा त्या सेवेच्या पद्धतीचाच भाग आहे. मात्र महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीनुसार 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खातात आणि फक्त 3.8 टक्के धूम्रपान करतात. अशा राज्यातील दवाखान्यांत मी अनेकदा रक्तदाब तपासून घेतला, पण मळलेल्या तंबाखूबद्दल मला एकदाही कोणी विचारले नव्हते. तो प्रश्न मला पहिल्यांदा फिजीत विचारला गेला.

फिजीत राहणाऱ्या मराठी माणसाने ही सेवा जरूर घ्यावी. सरकारी केंद्रात या सल्ल्यासाठी माझ्याकडून काही पैसे घेतले नाहीत, आणि भारतीय वंशाच्या कर्मचाऱ्यांशी हिंदीत बोलता येते, जरी त्यांची फिजी हिंदी कानाला सवयीची व्हायला थोडे दिवस लागतात. ‘ओढत नाही’ एवढ्यावर थांबू नये. डबी टेबलावर ठेवावी आणि दिवसातून किती वेळा खाता, ते सांगावे. गम लागणार असेल, तर केंद्रात मिळतो का, हे सोडण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी विचारावे. आणि खुर्चीवरून उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख वहीत, आपल्या देखत, लिहून घ्यावी.