राहतं घर दाखवावं की रिकामं करून?

जुना फ्लॅट विकायला काढला की पहिला वाद घरातच होतो. आई म्हणाली, सामान हलवल्याशिवाय कुणाला घर दाखवायचं नाही, लोक आधी पसारा बघतात. बाबांचं म्हणणं, विकला की एकदाच हलवू, दोनदा टेम्पो कशाला? कोथरूडचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आधी राहता दाखवला, मग रिकामा. त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर काढलेल्या आहेत.

राहत्या घरात गिऱ्हाइकाला एक गोष्ट न सांगता कळते, ती म्हणजे खोलीत काय मावतं. रिकाम्या दहा बाय दहाच्या बेडरूमच्या दारात उभं राहून प्रत्येकाने विचारलं, "यात डबल बेड बसेल का?" बेड टाकलेला होता तोवर हा प्रश्न कधीच आला नव्हता. हॉलचं मात्र नेमकं उलटं. सोफा, दिवाण, शिलाई मशीन, बंद पडलेला जुना टीव्ही आणि गावाहून आणलेलं पितळी पिंप एवढं सगळं त्यात असताना तो निम्माच दिसायचा. म्हणजे बेडरूम भरलेली बरी आणि हॉल मोकळा बरा. पण घर विकायला निघालेला माणूस हॉलमधलं काही हलवत नाही, कारण पाहुण्यांना बसवायचं कुठे, ही काळजी.

घर रिकामं केलं की भिंती बोलायला लागतात. कॅलेंडरच्या खिळ्यांची भोकं, देवघरामागचा तेलकट डाग, कपाटामागची ओल. आम्हाला ती ओल स्वतःलाच तेव्हा पहिल्यांदा दिसली. मग रंग काढावाच लागतो. राहत्या घरात तो खर्च टळतो असं वाटतं खरं, पण सराईत गिऱ्हाईक कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारतंच. ओलीवर नुसता रंग फासू नका. वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आधी, पुट्टी नंतर. साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष ठाऊक असेल, तर तो खरेदीदाराला सांगणं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

बंद घराचा वास हा वेगळाच विषय. दोन-तीन आठवडे कुणी राहिलं नाही की बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग ड्रेनेजचा वास थेट घरात येतो आणि मागोमाग झुरळं. रंग नवा असला तरी माणूस नाकाला रुमाल लावून बाहेर पडतो. आठवड्याला प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी ओतायचं, कमोड फ्लश करायचा आणि वीज चालू ठेवायची. मीटर बंद करून वाचतं ते बिल आणि अंधारात जातं ते गिऱ्हाईक.

वेळेच्या बाबतीत रिकामं घर सरळ जिंकतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे, एजंट कधीही दाखवू शकतो. राहत्या घरात रविवारी सकाळी अकराला फोन येतो, "खालीच आहोत, येऊ का?" तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या असतात आणि आजोबा आंघोळीला गेलेले. मात्र रिकाम्या घरात पाणी किती वाजता येतं, पार्किंगची जागा कोणती, वर कोण राहतं, यांची उत्तरं द्यायला कुणी नसतं. एजंट ठोकून देतो, आणि ते खोटं पडलं की भाव तुटतो.

तिसरा प्रकार म्हणजे भाडेकरू असलेलं घर. नाईलाज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. घर विकलं जावं अशी त्याची इच्छा असण्याचं काही कारण नाही, आणि सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची जादा आकारणी) तुम्ही भरत राहता ते वेगळंच.

पावसाळ्यात लोक घर दाखवायचं टाळतात. मला ते चुकीचं वाटतं. ऑगस्टमध्ये कोरडी असलेली भिंत हा विकणाऱ्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा. पितृपंधरवड्यात मात्र टोकनची आशा धरू नका. लोक बघून जातात, पैसे घटस्थापनेनंतर काढतात.

इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं वारं असेल, तर हा सगळा वाद बाजूला ठेवा. तिथे येणारा माणूस तुमच्या टाइल्स बघत नाही. तो कार्पेट एरिया आणि ७९(अ) ची, म्हणजे सहकार कायद्याच्या त्या कलमाखालची रीडेव्हलपमेंटची प्रक्रिया कुठवर आली, ते विचारतो. रंगाचे पैसे वाचवा आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत काढून ठेवा.

बाकीच्यांनी माझं ऐकायचं तर अर्धं घर हलवावं. आम्ही रिकाम्या फ्लॅटमध्ये एक डबल बेड, गॅस आणि चार खुर्च्या परत आणल्या. रविवारी आई-बाबा तिथे जाऊन बसायला लागले. एक कुटुंब दुसऱ्यांदा आलं, या वेळी आजींना घेऊन. मुलगा मोबाइलवर दिशा बघत स्वयंपाकघर आग्नेयेला येतं का ते तपासत होता. आजी खुर्चीत टेकल्या आणि आईला पाण्याची वेळ विचारली. बाबांनी पिशवीतून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मिळकत कराची पावती काढून बेडवर मांडली, कारण टेबल आणायचं राहूनच गेलं होतं.